बाकावर बसलेले नाना

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोन्यास,


तुझा तक्ता मिळाला. तीनदा वाचला. शनिवारी रात्री नऊला एडिसनहून निघायचं, रात्रभर गाडी चालवायची, रविवारी दुपारी ऑर्लँडो, सोमवार ते गुरुवार रोज एक याप्रमाणे डिस्नेची चारही पार्क आणि शुक्रवारी सकाळी परतीचा रस्ता. प्रत्येक पार्कखाली राइडची नावं, नावांपुढे मिनिटं. मेहनत दिसते, आणि पोरांना दिलेला शब्द पाळायची तुझी धडपडही दिसते. पण एवढ्या रकान्यांत तुझे आईबाबा, आमचे दादा आणि वहिनी, मला एकदाच सापडले: हॉटेलच्या खाटा मोजताना. म्हणून फोन न करता पत्र लिहायला बसले.

१९९६ च्या जुलैत आम्ही हाच रस्ता धरला होता. तुझे आजोबा, आमचे नाना, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आणि शेवटचे इकडे आले होते. तेव्हा रस्ता फोनवर दिसत नसे. ट्रिपल ए या मोटारक्लबच्या कचेरीतून ‘ट्रिपटिक’ नावाची लांबट वही मिळायची, एक पान संपलं की रस्त्याचा पुढचा पट्टा. ती माझ्या मांडीवर होती. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे वाचवायचे म्हणून आम्हीही तुझ्यासारखंच एका दमात जायचं ठरवलं होतं. चालवणारे एकटे तुझे काका, कारण मला तेव्हा हायवेची भीती वाटायची. पहाटे साडेचारला जॉर्जियात कुठेतरी गाडी रस्ता सोडून कच्च्यात उतरली. मी शेजारी बसले होते, टक्क जागी होते, तरी शेजारचा माणूस झोपलाय हे मला कळलं नाही. दोन-तीन सेकंदांचाच खेळ. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. नाना मागून एवढंच म्हणाले, “जरा थांबू या का?” चार तासांपासून त्यांना लघवीला जायचं होतं. हे मला पुढे आठवड्याने कळलं. जावयाला गाडी थांबवायला कसं सांगायचं, हा त्यांचा संकोच.

दुसऱ्या दिवशी मॅजिक किंगडममध्ये त्यांचे पाय सुजलेले होते. दुपारपर्यंत आमच्या मागे चालले, मग मेरी-गो-राउंडजवळच्या एका बाकावर टेकले. “मी बसतो इथे. तुम्ही फिरून या.” आम्ही फिरून आलो, चार तासांनी. नाना त्याच बाकावर होते. मांडीवर आम्हा सगळ्यांच्या टोप्या, शेजारी पाण्याच्या बाटल्या. त्यातलं पाणी ते प्यायले नव्हते, पोरांना लागेल म्हणून. त्या दिवसाचा एक अख्खा रोल आमच्याकडे आहे, छत्तीस फोटो. एकातही नाना नाहीत.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. दादालाही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी वॉल्ट डिस्नेबद्दल वाचताना एक गोष्ट कळली आणि पुस्तक मिटून बसले. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो आपल्या दोन मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवायला न्यायचा. मुली घोड्यांवर फिरायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आईबापांनी आणि पोरांनी बरोबरीने मजा करावी अशी एखादी जागा का नसावी, हा विचार त्याला त्या बाकावर सुचला, असं तो स्वतः सांगत असे. त्यातून १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभं राहिलं. फ्लोरिडाचं काम सुरू व्हायच्या आत, १९६६ च्या डिसेंबरात, तो गेला. थोरला भाऊ रॉय निवृत्त व्हायच्या बेतात होता. त्याने निवृत्ती पुढे ढकलली, काम तडीस नेलं, नावात धाकट्याचं ‘वॉल्ट’ राहील हे पाहिलं. १ ऑक्टोबर १९७१ ला दारं उघडली आणि त्याच डिसेंबरात रॉयही गेला. बाकावर कोणी एकटं बसू नये म्हणून काढलेली ती जागा, आणि तिथे मी माझ्या वडिलांना चार तास बाकावर बसवून ठेवलं. तुझ्या तक्त्यात दादासाठी तोच बाक तयार होताना मला दिसतोय.

आता कामाचं बोलते.

रात्रीचा प्रवास आधी खोड. एडिसन ते ऑर्लँडो हजार मैलांच्या वर आहे, नुसतं चालवणं सोळा-सतरा तासांचं. ते दोन दिवसांत वाटून घे. शनिवारी पहाटे पाचला नीघ. साडेआठ-नऊपर्यंत वॉशिंग्टनचा बेल्टवे मागे पडेल. शनिवारच्या सकाळी तिथे जाता येतं, शुक्रवारी दुपारनंतर मात्र त्या वाटेला जाऊच नकोस. वॉशिंग्टन ते फ्रेडरिक्सबर्गचा तुकडा दोन-दोन तास खातो. मुक्काम नॉर्थ कॅरोलायनात फेएटव्हिल किंवा लंबरटनला कर, म्हणजे निम्मी वाट सरते. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पाच-साडेपाचलाच काळोख होतो, आणि तो हरणांच्या माजाचा काळ. तिन्हीसांजेला ती कुठूनही रस्त्यावर येतात. दिवेलागणीच्या आत गाडी हॉटेलच्या दारात उभी असली पाहिजे.

सूनबाईचं नाव तक्त्यात चालक म्हणून नाही. का नाही? ती रोज पार्कवेवरून कामाला जाते. दर दोन तासांनी चालवणारा बदला, झोप आलेली नसली तरी बदला. आलेली झोप चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळते. जेवणानंतर दोन ते चारचा वेळ विशेष वाईट, तेव्हा जो ताजा असेल त्याने बसावं.

वहिनी प्रवासात पाणी पीत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? एसटीच्या दिवसांतली सवय आहे ती. स्टँडवर बायकांना जायची सोय धड नसायची, म्हणून निघायच्या आदल्या रात्रीपासून घसा कोरडा ठेवायची. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका अजून तशाच प्रवास करतात आणि मग पायात गोळे येतात, लघवीची जळजळ सुरू होते, आणि तेही त्या कोणाला सांगत नाहीत. “कोणाला जायचंय का?” असं विचारू नकोस. उत्तर “नाही” असंच येणार. गाडी दोन तासांनी थांबते आणि सगळे उतरतात, असा नियमच कर. दादाच्या वयात सलग बसून पायांत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, त्यालाही पाच मिनिटं चालणं हवंच. व्हर्जिनिया ओलांडलं की पुढे प्रत्येक राज्याच्या हद्दीवर या रस्त्याला वेलकम सेंटर आहे, स्वच्छ, बसायला बाकं, झाडं. फ्लोरिडाच्या सेंटरमध्ये संत्र्याच्या रसाचा छोटा पेला फुकट देतात. दादाला घोटभरच, त्याची साखर तुला माहीत आहे.

भाड्याने घेतोस ती गाडी सात सीटची घे आणि मधल्या दोन सीट दादा-वहिनींना दे. तिसऱ्या रांगेत पोरं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागे कोंबू नकोस, तो “मला चालेल” म्हणाला तरी. गाडी ताब्यात घेताना स्पेअर चाक आहे का पाहा. नव्या गाड्यांत पुष्कळदा नसतं, नुसता हवेचा छोटा पंप असतो. आणखी एक: आपल्या जर्सीत पंपावरचा माणूस गॅस भरून देतो, तू अजून स्वतः कधी भरलेला नाहीस. डेलावेअरपासून पुढे उतरून आपलं आपण भरायचं असतं. निघायच्या आधी एकदा पेनसिल्व्हेनियात जाऊन भरून बघ, म्हणजे पहाटेच्या अंधारात गोंधळ व्हायला नको.

औषधं डिकीत नकोत, वहिनीच्या पर्समध्ये हवीत. दोघांच्या विम्याच्या कागदाचा फोटो तुझ्या आणि सूनबाईच्या फोनमध्ये असू दे, आणि त्यावरचा नंबर आधीच एकदा लावून विचारून ठेव की फ्लोरिडात वेळ आली तर कुठे जायचं.

जेवणाचं मी बघते. दशम्या दुधात भिजवून करते, दोन दिवस मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी चटणी, लसणाची वेगळी, पोरांसाठी गुळपापडीच्या वड्या. भात शिजवायचा छोटा इलेक्ट्रिक कुकर घेऊन जा. संध्याकाळी गरम मऊ भात, मेतकूट आणि तूप मिळालं की दादा दुसऱ्या दिवशी ताजा उठतो, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. खोलीत फोडणी मात्र करू नका, धुराने अलार्म वाजतो आणि अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं. रस्त्यात किंवा पार्कमध्ये काही मागवताना “व्हेजिटेरियन” एवढ्यावर थांबू नकोस, “अंडंही नको” हे वेगळं सांग. इथल्या शाकाहारात अंडं बसतं, वहिनीच्या बसत नाही. पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बरणी नको.

पोरांना गाडीत चार तास स्क्रीन दिलास तरी मी काही म्हणणार नाही. पण नॉर्थ कॅरोलायना लागली की तो बंद कर. तिथून ‘साउथ ऑफ द बॉर्डर’च्या पाट्या सुरू होतात, रंगीबेरंगी, एकामागून एक. दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेवरचा तो एक जुना थांबा आहे, भल्यामोठ्या मेक्सिकन टोपीचा मनोरा असलेला. आमच्या पोरांनी पाट्या मोजताना भांडणं केली होती, आणि नानांनी मराठीत मोजायला लावून दोघांना सत्तर ते ऐंशी शिकवले. सत्तर, एक्काहत्तर... अजून दोघांच्या तोंडात पक्के आहेत. त्या प्रवासातलं नानांचं तेवढंच माझ्याकडे आहे. दादाला पोरांशी बोलायला वाव मिळेल असे दोन तास तरी मोकळे ठेव.

आठवडा तू बरोबर निवडलास. शिक्षकांच्या अधिवेशनाची गुरुवार-शुक्रवारची सुट्टी धरून अर्धी जर्सी तेव्हाच डिस्नेला जाते, ‘जर्सी वीक’ म्हणतात त्याला, त्यामुळे गर्दी असेल. पण उकाडा नसेल. उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या दोन्ही बाजूंचे समुद्रवारे मध्यावर भिडतात, जवळजवळ रोज दुपारी गडगडाट होतो आणि उघड्यावरच्या राइड बंद पडतात. आम्ही जुलैत ते सगळं भोगलं. पोरांचे सोमवार ते बुधवार शाळेचे बुडतील, त्याची चिठ्ठी आधी दे.

चार पार्क नकोत. दोन पुरेत. तुला हे पटणार नाही, कारण तिकीट जितके दिवस वाढवावं तितकं दिवसाला स्वस्त पडत जातं. पण ती जागा मॅनहॅटनच्या दुपटीच्या आसपास आहे, आणि एका पार्कात दिवसाला सात-आठ मैल चालणं सहज होतं. मंगळवारी मॅजिक किंगडम, गुरुवारी अ‍ॅनिमल किंगडम. सोमवार आणि बुधवार मोकळे. शुक्रवारी परत फिरायचं, घाई न करता.

मॅजिक किंगडमला गाडी दाराशी जात नाही. गाडी लावली की आधी ट्रान्सपोर्टेशन सेंटर, तिथून मोनोरेल किंवा तळ्यातली फेरीबोट. तासभर हाताशी ठेव, आणि जाताना बोटच घे. किल्ला समोरून हळूहळू मोठा होत येतो, आणि दादा-वहिनींना बसल्या जागी दिसतो. धाकटीला घरीच बूट घालून भिंतीशी उभी करून मोज. स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात, सेव्हन ड्वार्फ्सच्या गाडीला ३८. कुठे बसता येणार आणि कुठे नाही हे तिला एडिसनमध्ये कळू दे. तासभराच्या रांगेच्या टोकाशी मोजपट्टीपुढे कळलं तर ते रडणं दिवसभर पुरतं. थोरल्याला घेऊन तुम्ही दोघं आळीपाळीने मोठ्या राइडवर जाऊ शकता, पुन्हा रांग लावावी लागत नाही. कर्मचाऱ्याला ‘रायडर स्विच’ म्हणून सांगायचं. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची बोट, जंगल क्रूझ, कॅरूसेल ऑफ प्रोग्रेस हे मात्र सहाही जणांनी. दुपारी एकला बाहेर पडा, हॉटेलात झोपा, चारनंतर परत जा. त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात.

अ‍ॅनिमल किंगडम १९९८ साली झालं, नानांच्या वेळी नव्हतंच. सफारीचा उघडा ट्रक सकाळी पहिला गाठा, जनावरं तेव्हा हिंडत असतात. तिथल्या आशियाच्या भागात जुन्या हिंदुस्थानी वाड्याच्या पडक्या भिंती उभारल्या आहेत आणि त्यांच्यापलीकडे वाघ. वहिनीला त्या भिंती बघायला आवडतील, तिला तिथे घाई करू नकोस. बुधवारच्या मोकळ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या ‘साना’त दुपारचं जेवण घ्या. पार्कचं तिकीट लागत नाही. नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. टेबल साठ दिवस आधी राखता येतं. दिवस मोजून त्या सकाळी उठून राख.

परतताना सेंट ऑगस्टीनला दोन तास दे. हे माझं दादासाठी मागणं आहे. रायगड-राजगडापासून सिंधुदुर्गापर्यंत त्याने सगळे किल्ले पायी पाहिलेत, आणि आता गुडघ्यांनी ते बंद झालं म्हणून तो काही बोलत नाही. सेंट ऑगस्टीनचा स्पॅनिश किल्ला समुद्राकाठी सपाटीवर आहे. त्याचं बांधकाम १६७२ ला सुरू झालं, महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. दगड ‘कोकिना’ नावाचा, शिंपल्यांचा चुरा घट्ट बसून झालेला. तोफेचा गोळा आला की भिंत फुटायची नाही, गोळा तिच्यात रुतून बसायचा. दादाला नुसतं एवढं सांग आणि मग तो पोरांना काय काय सांगतो ते ऐक.

आता खुर्चीचं. काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घेतलेली घडीची व्हीलचेअर आमच्या गराजमध्ये आहे. ती न्यायचीच. दादा “मी काय म्हातारा झालोय?” म्हणेल. वाद घालू नकोस, बसायचा आग्रहही करू नकोस. सकाळी तिच्यात पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेव आणि ढकलायला त्याच्याच हातात दे. ढकलणाऱ्यालाही तिचा आधार होतो. दुपारी पिशव्या मांडीवर घेऊन तो आपण होऊन बसेल. आणि “मी थांबतो, तुम्ही जा” असं तो कधीतरी म्हणेलच. तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी एकाने त्याच्याजवळ थांबायचं, आळीपाळीने. पहिली पाळी तुझी.

त्या मेरी-गो-राउंडची हकीकत त्याला तिथेच सांग. ते मुळात डिस्नेचं नव्हेच. १९१७ साली फिलाडेल्फियाच्या कारागिरांनी घडवलेलं, मग वर्षानुवर्षं इथे आपल्या जर्सीत, मेपलवूडच्या ऑलिंपिक पार्कमध्ये फिरलेलं. ते पार्क १९६५ ला बंद पडलं, डिस्नेच्या लोकांनी मेरी-गो-राउंड विकत घेतलं, आणि लाकडी घोडे फ्लोरिडाला गेले. ज्यांना घोड्यावर चढता येत नाही त्यांच्यासाठी आता त्यावर बसायचा एक रथही आहे. दादाला त्यात बसव, शेजारी वहिनी, आणि पोरांना पुढच्या घोड्यांवर. फोटो तू बाहेरून काढू नकोस, तूही वर चढ. बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही काढायला सांग.

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास दशम्या आणि खुर्ची घेऊन येते. डिकीत डाव्या बाजूला जागा ठेव, उजवीकडे तिचं चाक अडकतं. पितळी डबा वहिनीच्या ओळखीचा आहे, नानांचाच आहे, तो आठवणीने परत आणायला सांग तिला.

सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या